या फोटोत पंखा कुठाय?

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या मामाच्या गाळ्यात बसायला एकच खुर्ची आहे आणि ती गिऱ्हाइकाची. त्या दिवशी ती मला मिळाली, कारण मी भाची म्हणून नाही, काम घेऊन गेले होते. मामा रंगाच्या पालथ्या डब्यावर बसला. मागे स्पिनिंगचं लेथ बंद होतं, शेजारी अ‍ॅल्युमिनियमची सर्कलं भाकऱ्यांच्या चळतीसारखी रचलेली. मी मोबाइलवरचा फोटो मोठा करून त्याच्या हातात दिला.

फोटोत एक उभा दिवा होता. माणसापेक्षा उंच काळी काठी, तिच्यातून तीन बारीक फांद्या तीन दिशांना वाकून गेलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला एक शेड. बाहेरून काळी, आतून पांढरी. पॅरिसचा, १९५०च्या दशकातला. बदलापूरच्या एका नव्या फ्लॅटचं इंटिरियर माझ्याकडे आहे आणि त्या गिऱ्हाइकाला हाच दिवा हवा आहे. मूळ दिवा लिलावात ज्या किमतीला जातो त्यात बदलापुरात फ्लॅटचं बुकिंग होईल. ऑनलाइन मागवलेली नक्कल आली तेव्हा ती पंख्याच्या वाऱ्यावर डुलत होती. म्हणून मामा.

"जमेल का?" मी विचारलं.

मामानं चष्मा कपाळावर ढकलला आणि मोबाइल नाकाशी नेला. "ह्यो टेंगूळ कशाला?"

शेडच्या पाठीवर एक उंचवटा आहे, त्याबद्दल तो विचारत होता. फ्रेंच लोक त्या आकाराला ज्या नावानं ओळखतात ते मामासमोर उच्चारण्यासारखं नाही. मी म्हटलं, "तीच तर त्या माणसाची खूण आहे. त्याची सही समज."

"सही नाही ती," मामा म्हणाला. "होल्डर पोटात घेतलाय गड्यानं. होल्डर मागं ढकलला की बल्ब आत जातो. बल्ब आत गेला की डोळ्यांवर येत नाही. शेड उथळ ठेवायची होती त्याला, म्हणून होल्डरपुरती जागा मागं काढली."

मी या दिव्यावर बरंच वाचलं आहे. शिल्पकलेशी त्याचं नातं, शरीराचे आकार, डोळा, शिंपला, असलं सगळं. ते खोटं नाही. पण होल्डर कुठे बसतो हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता, हे मी मामाला सांगितलं नाही.

"आणि हे सगळं लेथवर निघायचं नाही," तो पुढे म्हणाला. "लेथवर जे फिरतं ते मधोमध फिरतं. हे टेंगूळ एका बाजूला सरकलंय. म्हणजे हातोडी लागली असणार. मठारकाम करणारा माणूस दिसतोय."

"चांदीकाम करणारा होता," मी म्हटलं. "सर्ज मुई. १९२२चा जन्म. पॅरिसच्या कलाशाळेत चांदीकाम शिकला, नंतर तिथेच शिकवायला लागला."

"मग हुपरीचाच की!"

मामा मूळचा कागलकडचा. चाळीसेक वर्षांपूर्वी अंबरनाथला आला, भांड्यांच्या कारखान्यात लेथवर लागला आणि कारखाना बंद पडला तेव्हा हिशेबाच्या पैशांत त्यांचंच एक जुनं लेथ घेऊन बाहेर पडला. आता तो हॅलोजनचे रिफ्लेक्टर काढतो, केटरिंगवाल्यांच्या डेगांची झाकणं काढतो, कधी एखाद्या मंदिराच्या कळसाचे टप्पे. जगात धातूचं चांगलं काम कुठेही झालं तरी त्याच्या लेखी त्या माणसाचं मूळ हुपरीला, नाहीतर पुण्याच्या तांबट आळीत.

मी त्याला हकीकत सांगितली. पॅरिसमध्ये झाक आदने नावाचे एक सजावटकार होते, फर्निचर आणि सजावटीची एक जुनी नामवंत कंपनी चालवायचे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी या चांदीकाम करणाऱ्या तरुणाला बोलावलं. दक्षिण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी मोठे दिवे हवे होते. त्या काळात पॅरिसच्या दुकानांत इटालियन दिव्यांची चलती होती आणि मुईला ते फार गुंतागुंतीचे वाटायचे. त्यानं उलट वाट धरली. पोलादाची बारीक नळी, पितळेचा गोल सांधा, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. एवढंच.

"पितळेचा सांधा कशाला?" मामानं लगेच पकडलं.

"तू सांग."

"पोलादावर पोलाद घासलं की आवळून धरतं नाहीतर सैल पडतं. पितळ मऊ. वळवशील तसं वळतं, सोडशील तिथं थांबतं." त्यानं मोबाइल परत केला. "माणूस कारागीर आहे. पण दिवा शोभेचा आहे. तीन बल्ब, तीन फांद्या, सात फूट काठी, आणि उजेड किती? माझी ही एक ट्यूब बघ."

गाळ्याच्या भिंतीवर ट्यूबलाइट होती. तिच्या दोन्ही टोकांना काळं आलेलं, पट्टीवर धूळ. तिच्या उजेडात लेथ, सर्कलं, कॅलेंडर, मामा आणि मी, सगळे सारख्याच आजारी रंगाचे दिसत होतो.

"हाच माझा मुद्दा आहे," मी म्हटलं. "ट्यूब सगळीकडे सारखा उजेड मारते. खोलीत कुठे बसावं हे ती सांगत नाही. या लोकांनी ते उलटं केलं. महायुद्धात फ्रान्समधली गावंच्या गावं पडली होती. नंतर भराभर इमारती उठल्या, खोल्या लहान, छत खाली. जुन्या हवेल्यांतली झुंबरं तिथे लावली असती तर डोक्याला लागली असती. म्हणून त्यांनी छताच्या मधल्या हुकावरून दिवा काढला. वाचायच्या खुर्चीशी एक, जेवायच्या टेबलावर एक, पलंगाशी एक. प्रत्येकाला हात, आणि तो हात हलणारा. हा फक्त मुई नाही. पिएर गारिश नावाचा दुसरा एक, त्याच्याहून चार वर्षांनी लहान. त्यानं एक दिवा केला त्याचं नावच पतंग. बल्बसमोर पांढरा पत्रा पतंगासारखा तिरका धरलेला, त्याला बारीक भोकं. उजेड पत्र्यावर आपटून खोलीत पसरतो आणि थोडा भोकांतून गाळून येतो. बल्ब दिसतच नाही."

"जाळीचा पत्रा?"

"तसाच. जाळीच्या पत्र्यावरच एकानं आयुष्यातली दहा-बारा वर्षं काढली. मातेगो. हंगेरीत जन्मलेला, पॅरिसला आलेला. युद्धात जर्मनांच्या कैदेत होता, तिथल्या कारखान्यात पत्र्याचं काम शिकला. सुटून आल्यावर भोकांचा पत्रा आणि बारीक नळी यांचीच खुर्च्या, टेबलं, दिवे. पत्रा कापडासारखा मुडपायचा. आणि एका रुआयेर नावाच्या माणसानं तर भिंतीवर वेल चढवल्यासारखा दिवा केला. एकच नळी फाटे फोडत भिंतभर जाते, फाट्यांच्या टोकांना शेडी."

"ती मात्र नुसती शोभा," मामा म्हणाला, आणि तिथे मला पटकन उत्तर सुचलं नाही. रुआयेरचे दिवे मला आवडतात, पण त्यांचा बचाव करताना मी नेहमी अडखळते. त्याची गिऱ्हाइकं इराणच्या शहासारखी असायची. बदलापूरच्या साडेपाचशे चौरस फुटांत ती वेल चढवायची म्हणजे टीव्ही काढावा लागेल.

मामानं चहा मागवला. चहा येईपर्यंत तो पुन्हा फोटो पाहत होता. आता दिवा नाही, दिव्याच्या मागची खोली. पांढरी भिंत, उंच खिडकी, लाकडी फरशी, एक आरामखुर्ची.

"या फोटोत पंखा कुठाय?"

"काय?"

"छताला पंखा नाही. तुझ्या गिऱ्हाइकाकडं आहे का?"

आहे अर्थात. हॉलच्या बरोबर मधोमध, बिल्डरनं दिलेल्या हुकावर.

"मग ही वरची शेड बघ, ती वर तोंड करून आहे. उजेड छताला मारणार आणि छतावरून खाली येणार. मध्ये पंखा. पाती फिरली की उजेड कापत राहणार. सिनेमा बिघडल्यावर पडदा कसा फडफडतो, तसा हॉल फडफडत राहील. दोन दिवसांत बाई म्हणेल, डोकं दुखतंय."

मी दहा वर्षं इंटिरियरचं काम करते. छतावरून परतवलेला उजेड ही आमच्या धंद्यातली आवडती युक्ती आहे, कारण फोटोत ती फार छान येते. फोटो काढताना पंखा बंद असतो.

"आणि दुसरं," मामा थांबायला तयार नव्हता, "वर तोंड करून ठेवलेली वाटी म्हणजे पावसाळ्यात काय? अंबरनाथला पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पाखरं किती येतात तुला माहीत आहे. दिव्याला येणार, त्या वाटीत पडणार, भाजणार. महिन्याभरात वाटी भरली. मग धूळ. आणि तुझ्या गिऱ्हाइकाकडं सात फुटांवर हात कोण घालणार आहे?"

"सांधा आहे ना, खाली वळवता येते."

"वळव की. मग तिन्ही शेडी एकमेकींच्या तोंडावर उजेड मारतील. तुझा फ्रेंच गडी त्याच्या छताखाली बरोबर होता. तिथं हवा थंड, खिडकी बंद."

तसं म्हटलं तर पहिली मागणी दक्षिण अमेरिकेतून आली होती. तिथल्या गरम हवेत, उघड्या खिडक्यांच्या घरांत या दिव्यांचं काय झालं असेल हा विचार मला त्या वेळी पहिल्यांदा आला. पण मला वादात एक हुकमाचं पान टाकायचं होतं, म्हणून मी कागल काढलं.

"असले दिवे आपल्याकडे लागलेच नाहीत असं समजू नकोस. तुझ्या कागलची एक मुलगी अशाच उजेडात राहिली होती."

"कोण?"

"संयोगिताराजे. कागलच्या घाटग्यांच्या. होळकरांकडे दिल्या. यशवंतराव होळकर दुसरे, इंदूरचे. विलायतेत शिकताना त्यांची एका जर्मन तरुण वास्तुकाराशी ओळख झाली, एकार्ट मुथेसियस. १९३० ते १९३३ मध्ये त्याच्याकडून इंदूरला माणिकबाग बांधून घेतला. बाहेरून साधा, घुमट नाही, नक्षी नाही. आणि आत सगळं पॅरिसचं. रुलमानचं टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्ब्युझिएच्या गटाची लांब खुर्ची, काच आणि चकचकीत धातूचा पलंग. चांदीची भांडी प्युफोर्काची. आणि मुथेसियसनं केलेल्या लाल आरामखुर्च्या, ज्यांच्यातच वाचायचे दिवे बसवलेले."

"खुर्चीत दिवा? मान वळवली तर?"

"वळवायची नाही. वाचायचं."

मामा हसला. पण ते त्याच्या डोक्यात बसलं हे दिसत होतं. मराठी घरात, होळकरांच्या, १९३०च्या दशकात, असं काही झालं होतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कॉलेजात कुणी सांगितलं नाही. आम्हाला जर्मनी शिकवलं, फ्रान्स शिकवलं, इंदूर वगळलं. २०१९ साली पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयानं माणिकबागेवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा आमच्याकडच्या मासिकांना जाग आली.

"ब्रांकुसी म्हणून एक शिल्पकार होता," मी म्हटलं. "त्याचे तीन पक्षी होळकरांनी घेतले होते. एक काळ्या दगडाचा, एक पांढऱ्या, एक ब्राँझचा. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधायचं होतं, ते राहिलंच. संयोगिताराजे १९३७ मध्येच गेल्या. १९८० साली बरंचसं सामान मोनॅकोला लिलावात निघालं."

"आणि वाडा?"

"आहे. त्यात कस्टम आणि एक्साइजचं ऑफिस आहे."

मामानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे आता तिथं ट्यूबलाइट असणार."

यावर काय बोलावं कळेना.

"पण ऐक," तो म्हणाला, "त्या वाड्यात एसी होता का?"

होता. त्या काळात भारतात क्वचित दिसणारी ती गोष्ट माणिकबागेत होती. खिडक्या बंद, पाखरं बाहेर, पंख्याची गरज नाही.

"मग झालं की. राजानं आधी फ्रान्सची हवा आणली, मग दिवे आणले. तू दिवा आणायला निघालीस आणि हवा बदलापूरची."

इथे मी हरले असं मला वाटत नाही, आजही. माझा मुद्दा वेगळा होता. दिवा सुंदर असण्याला स्वतंत्र किंमत आहे आणि तो संध्याकाळी पेटवायच्या आधी दिवसभर घरात उभा असतो, हेही त्याचं काम आहे. बाहेरून काळा असतो तो दिवसा भिंतीवर रेघ दिसावी म्हणून, आतून पांढरा असतो तो रात्री उजेड परतावा म्हणून. एकाच पत्र्याच्या दोन पाठी, दोन वेळांसाठी. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे आपल्या देवळासारखं आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराला, शके ९८२ म्हणजे १०६० सालच्या, बाहेरून बोटभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. आत गाभाऱ्यात मात्र पायऱ्या उतरून जायचं. आणि शिखर पूर्ण नसल्यानं उजेड वरून, उघड्या आभाळातून, पिंडीवर येतो. "कोरीव बाहेर, उजेड आत," मामा म्हणाला. शोभेला विरोध करणारा माणूस आपल्याच गावचा दाखला देऊन माझ्या बाजूला येतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण लगेच त्यानं विषय बदलला.

"हे नक्कल करणं बरोबर आहे का पण?"

मला हसू आलं. उल्हासनगर इथून हाकेच्या अंतरावर. 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आमच्या भागात प्रत्येक मुलाला शाळेत जायच्या आधी कळतो. फाळणीनंतर निर्वासित छावण्यांत आलेल्या सिंधी कुटुंबांनी जे मिळेल ते बनवून विकलं आणि त्यातून गाव उभं राहिलं. त्या विनोदात थोडा हेवाही आहे. आज तिथल्या फर्निचर बाजारात सोफा सांगितला तर तो फोटोवरूनच बनतो.

"सगळेच करतात, मामा. चंदीगडच्या खुर्च्या माहीत आहेत? ल कॉर्ब्युझिएचा भाऊबंद पिएर झानरे, त्यानं सरकारी ऑफिसांसाठी सागाच्या आणि वेताच्या केल्या. त्या पुढे भंगारात टाकल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि लिलावात लाखांना विकल्या. २०११ साली केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. आता तशा नकली खुर्च्या प्रत्येक कॅफेत आहेत. कुणाचं काय बिघडलं?"

"कुणाचं बिघडलं ते सोड. तू मला एक तासभर त्या माणसाचं नाव, गाव, जन्मसाल सांगतेयस, डोळ्यांत पाणी यायचं बाकी आहे. आणि लगेच म्हणतेस, त्याच्यासारखंच काढून दे. मला त्याचं नाव आता कळलं, तरी मी त्याचं टेंगूळ चोरणार नाही."

"म्हणजे काम करणार नाहीस?"

"करणार. पण ते टेंगूळ त्यानं त्याच्या होल्डरसाठी काढलं. तुझ्या गिऱ्हाइकाला एलईडी लावायचा ना? एलईडीचा ड्रायव्हर बुडात असतो, होल्डरजवळ. ते बूड त्या टेंगळात कोंडलं की तापून दोन महिन्यांत गेलं. त्या काळच्या बल्बची गरमी पुढं काचेत, याची मागं. मग टेंगूळ मोठं पाहिजे आणि त्याला हवा जायला भोकं पाहिजेत. तुझा तो जाळीवाला…"

"मातेगो."

"त्याची जाळी इथं मागं घ्यायची."

मी गप्प बसले. दोन फ्रेंच माणसं, ज्यांच्यातला एक जाळी करायचा आणि एक टेंगूळ, त्यांना बुवापाड्याच्या एका गाळ्यात एलईडीच्या बुडासाठी एकत्र आणलं जात होतं. आमच्या धंद्यात याला 'फ्यूजन' म्हणतात आणि बहुतेक वेळा ते वाईट असतं. हे वाईट वाटलं नाही. इथे ते भोकांमागचं कारण मला समोर दिसत होतं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. फर्मा तयार होता, सागाच्या ओंडक्यातून उतरवलेला, हाताला गुळगुळीत. मामानं वीस गेजचं सर्कल घेतलं. मध्ये दाबून बसवलं, लेथ चालू केलं, पत्र्याला साबण लावला आणि लांब दांड्याचं टोक काखेत धरून हळूहळू पुढे ढकललं. सपाट चकती फिरता फिरता मागे वाकू लागते ते पाहताना मला दरवेळी वाटतं की पत्रा ओला आहे. मामाचं सगळं वजन त्या दांड्यावर असतं. हात नाही, अंग लावतो तो.

पहिली शेड कडेला सुरकुतली. कडेपासून आत तीन बारीक लाटा उठल्या, पाण्यात खडा टाकल्यासारख्या.

"राहू दे," मी म्हटलं. "ही सुंदर आहे. हातानं केल्याचं दिसतं."

"हातानं केल्याचं नाही, पत्रा नरम झाला नव्हता हे दिसतं," मामा म्हणाला आणि ती भंगाराच्या पोत्यात टाकली. पुढचं सर्कल त्यानं आधी गॅसवर तापवलं, कपड्याच्या साबणाची रेघ मारली, ती काळी पडेपर्यंत थांबला, मग थंड होऊ दिलं. दुसरी शेड फर्म्याला अशी बसली की काढताना फूत्कारासारखा आवाज आला.

या एका गोष्टीवर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. मला हातोडीचे ठसे, लेथच्या रेघा, बारीक असमानपणा आवडतो. मी गिऱ्हाइकांना त्यासाठी जास्त पैसे लावते. मामाच्या पिढीनं आयुष्यभर त्या खुणा पुसण्याचे पैसे घेतले. त्याला मी सांगितलं की मुईचे जुने, हातानं ठोकलेले दिवे नव्यांपेक्षा महाग जातात. तो म्हणाला, "जातील. माणूस मेल्यावर त्याच्या चुकाही महाग होतात." मुई १९८८ मध्ये गेला. त्याआधीच, १९६०च्या दशकात, दिव्यांचं काम थांबवून तो दागिन्यांकडे आणि शिकवण्याकडे परत गेला होता. दिवे पुन्हा बनायला लागले ते त्याच्या पश्चात, बायकोच्या देखरेखीखाली.

"दिवे चालत असताना सोडले?" मामाला हे खटकलं.

"हजारांनी बनवायचे नव्हते बहुतेक."

"का?"

मी काहीतरी सांगणार होते, कारखान्याबद्दल, हाताबद्दल. पण मामा स्वतःच लेथ पुसत म्हणाला, "मलाही हॅलोजनचे रिफ्लेक्टर काढून काढून कंटाळा आलाय," आणि तो विषय संपला.

टेंगूळ त्यानं हातोडीनं काढलं, वाळूच्या पिशवीवर शेड पालथी धरून. मठारताना आवाज बारीक होत जातो. पत्रा ताणला गेला की वरच्या सुरात बोलतो, असं तो म्हणाला. मग मागच्या फुगवट्याला अकरा भोकं. अकराच का, तर ड्रिलचं बिट तितक्यात बोथट झालं. दुसऱ्या शेडीलाही मग अकराच पाडली, जोडी जुळावी म्हणून. नळ्या मीच लोहारचाळीतून आणल्या होत्या, पितळेचे सांधे मामानं स्वतः घडवले. पावडर कोटिंग बाहेर करून घेतलं. बाहेर काळं, आत पांढरं. एवढं मात्र दोघांनीही बदललं नाही.

काठी सात फुटांची साडेपाच झाली. वर तोंड करणारी शेड गळली. राहिल्या दोन, दोन्ही खाली वळणाऱ्या. एक वाचायच्या खुर्चीवर, दुसरी भिंतीवर उजेड टाकून तो खोलीत परतवणारी, पंख्याच्या खालून.

मी तो बदलापूरला नेऊन उभा केला तेव्हा संध्याकाळ होती, खिडक्या उघड्या आणि पंखा फिरत होता. गिऱ्हाइकानं मोबाइलवरचा फोटो काढला, दिव्याशेजारी धरला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"मॅडम, मूळ दिव्याला तीन फांद्या आहेत ना? तिसरी कुठे गेली?"

मी वर बोट दाखवलं.